बांधावरची हजेरी

थोरले मास्तर खुर्चीत बसलेले मी कधी पाहिले नाहीत. शाळेत खुर्ची एकच होती आणि तिचा एक पाय आखूड होता, पण ते कारण नव्हतं. मास्तरांना कुठेच बसवत नसे. चहा ते उभ्याने घेत, तोही अर्धा. उरलेला पेला कट्ट्यावर ठेवून निघून जात आणि तासाभराने येऊन विचारत, "माझा चा कुणी प्याला?" एकदा तर अर्धी दाढी करून शाळेत आले. उरलेला गाल दुपारच्या सुट्टीत झाला. मुलांनी आरसा धरला होता.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गावात ते थोरले मास्तर आणि मी धाकटे मास्तर, तेवढं पुरे. त्यांचं नाव घेऊन कौतुक करण्याचा अधिकार मला नाही, आणि तो का नाही हे सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल काही लिहिताही येत नाही. आमच्या शिक्षकांच्या मासिकाने शाळेतल्या गमती लिहून मागितल्या आहेत. पंधरा दिवस मी कागद पुढे घेतो आणि उठतो. गमती पुष्कळ आहेत. पण एकही मला एकटी आठवत नाही. तिच्यामागून दुसरं काहीतरी येतं.

निपाणीपासून पायवाटेने दीड तासावर ते गाव. चहूबाजूंनी तंबाखू. शाळेच्या दोन खोल्या आणि अंगणात एक चिंच. मी एकोणीस वर्षांचा, बेळगावात वाढलेला, ट्रेनिंग कॉलेजचं एक वर्ष करून नुकताच लागलेला. गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आणि काळी टोपी घालून मी पहिल्या दिवशी लहान मुलांसमोर उभा राहिलो आणि कॉलेजात शिकवल्याप्रमाणे ओळखीच्या वस्तूंवरून गणित घातलं.

"एक कोंबडी रोज एक अंडं घालते. तर सात दिवसांत किती?"

पहिल्या रांगेतला म्हादू म्हणाला, "कुनाची कोंबडी?"

"कुणाचीही. समज, तुमची."

"आमची रोज घालत न्हाई."

"घालते असं समज."

"कसं समजू? परवा पावनं आलं तवा आईनं कापली तिला."

त्यावर वर्ग एकदम गंभीर झाला. तांबडी होती का, असं कुणी विचारलं. म्हादू म्हणाला, तांबडीच. मग सगळ्यांनी मिळून ती कोंबडी कशी होती, कुणाच्या परड्यात जायची, कुणाला टोचली होती याच्या आठवणी काढल्या. माझं गणित राहून गेलं. मी छडी आपटली. तेव्हा दारातून जाता जाता थोरले मास्तर आत डोकावले आणि काय झालं म्हणून विचारलं. मुलांनी सांगितलं. मास्तरांनी टोपी काढली, क्षणभर मान खाली घातली आणि म्हणाले, "बरं, आता ज्यांची कोंबडी जित्ती हाय त्येंनी सांगा. सात दिवसांत किती?"

"सात!" सगळा वर्ग ओरडला. म्हादूसुद्धा.

मास्तर पुढे निघून गेले होते. मी छडी घेऊन उभा.

गोष्ट सांगताना ते चिंचेभोवती फिरत. मुलं बुंध्याला पाठ टेकून गोल बसत. त्यामुळे गोष्टीतला राजा तानीसमोर अरण्यात शिरे आणि बुंध्याच्या पलीकडे बसलेल्या म्हादूसमोर बाहेर येई. सुट्टीत दोघांचं भांडण ठरलेलं. म्हादू म्हणे, राजा अरण्यात गेलाच नाही. तानी म्हणे, गेला तो परत आलाच नाही. शेवटी मुलंच उठून मास्तरांच्या मागून फिरू लागली. चिंचेभोवती एक वाट पडली होती.

ही तानी आठ वर्षांची. तिच्या कडेवर धाकटा भाऊ असे. त्याला सांभाळायला दिवसा घरी कोणी नसे, म्हणून तो रोज शाळेत. हजेरीपटाच्या तळाशी मास्तरांनी पेन्सिलीने त्याचं नाव घातलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, ‘नुसता ऐकतो’. मी म्हणालो, हे नियमात बसत नाही. ते म्हणाले, "आता कुटं बसतंय ते पोरगं? रांगतंय अजून." पुढे एके दिवशी त्याची आई तक्रार घेऊन आली. पोराच्या तोंडून पहिला शब्द ‘आई’ नाही, ‘बे’ निघाला होता. म्हशीकडे बघूनही तो बे म्हणत होता, आजीकडे बघूनही बे.

"मास्तर, ह्येला काय केलंसा?"

"काय न्हाई बाई. बे एके बे झाल्याबिगर त्यो थांबायचा न्हाई. दोनाचा पाढा संपू द्या, मग आई म्हनंल."

हे सगळं लिहिताना मला हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. तेव्हा मला वाटे, ही शाळा नव्हे. आणि त्याहून खोल, जिथे मी स्वतःलाही जाऊ देत नसे तिथे वाटे की, ही मुलं माझ्याकडे अशी का येत नाहीत?

आता हजेरीचं सांगतो.

कार्तिकापासून तंबाखूचे शेंडे खुडायचं काम सुरू होई. त्याला लहान हात चांगले. शाळेतली निम्मी मुलं शेतात जात आणि दोन-अडीच महिने फिरकत नसत. सलग गैरहजर मुलाचं नाव पटावरून काढायचं असा नियम होता. मुलांची सरासरी घसरली की दुसऱ्या मास्तरांची जागा काढायची, हाही नियम होता. इतर गावांतले मास्तर यावर खोलीत बसूनच खोट्या हजेऱ्या भरत. थोरल्या मास्तरांना ते मान्य नव्हतं. ते सकाळी हजेरीपट काखेत मारून, धोतराचा सोगा खांद्यावर टाकून शेतोशेत फिरत. बांधावर उभं राहून हाक मारत. तंबाखूतून एक डोकं वर येई आणि ओरडे, "हाजर जी!" मग त्याला एक नवी गोष्ट शिकवायची, ती त्याच्याकडून म्हणून घ्यायची आणि तिथेच हजेरी लावायची. शिकवल्याशिवाय नाही. एखादं मूल कंटाळून म्हणालं, आज नको, तर ते गैरहजर.

"हजेरी म्हंजे काय हो, धाकटे मास्तर?" ते मला म्हणत. "म्या हाक मारली, पोरानं ओ दिली, आनी काल येत नव्हतं ते आज आलं. झाली हजेरी. भिंती कशाला मोजायच्या?"

मी त्यांच्याबरोबर तीन वेळा गेलो. हे तीन वेळा मी मुद्दाम लिहितो आहे.

पहिल्या खेपेस त्यांनी बांधावरच्या मऊ मातीत काडीने अक्षरं काढून घेतली. चुकलं की मुलं पायाने पुसत. एक म्हातारी विळा घेऊन धावत आली. "मुडद्यांनो, विद्येला पाय लावताय? आनी मास्तर, तुमी बगत ऱ्हाताय?" मास्तरांनी तिची क्षमा मागितली आणि मुलांना हाताने पुसायला सांगितलं. पण तंबाखूच्या चिकाने मुलांचे हात काळे आणि चिकट झालेले. माती हाताला बसली ती निघेना. अर्ध्या तासात प्रत्येकाच्या हातात मातीचे मोजे. तानीने माझ्याजवळची पाटी बघायला घेतली ती तिच्या तळहाताला चिकटली. हात उलटा केला तरी पाटी पडेना. "मास्तर, पाटी मला सोडंना!" ती ओरडली आणि पाटी डोक्यावर धरून सरीतून पळत सुटली. तिच्यामागे सगळे, आणि सगळ्यांच्या पुढे थोरले मास्तर.

दुसऱ्या खेपेस त्यांनी सऱ्यांवरून गुणाकार शिकवला. एका सरीत इतकी झाडं, अशा इतक्या सऱ्या. तिसऱ्या खेपेस तीच मुलं तोंडी गुणाकार सांगत होती आणि हात चालू होते. माझ्या खोलीत बसणाऱ्या मुलांना ते अजून येत नव्हतं. मी हे डोळ्यांनी पाहिलं. कानांनी ऐकलं. एक मुलगा चुकला तेव्हा मीच त्याला दुरुस्त केलं.

त्यानंतर साहेबांच्या तपासणीची तयारी सुरू झाली. साहेब म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी इन्स्पेक्टर. गावात त्यांना दिपोटी म्हणत, आणि दिपोटी येणार म्हटलं की मुलं घाबरत. ती भीती जावी म्हणून मास्तरांनी खेळ काढला, साहेब-साहेब. एकाने साहेब व्हायचं, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. पाळी म्हादूची आली.

"साहेब कसा चालतो रं?" मास्तरांनी विचारलं.

म्हादूने शर्टाचं वरचं बटण गळ्यापाशी लावलं. दोन्ही हात पाठीमागे बांधले. मान ताठ करून तीन पावलं टाकली, थांबला, दोनदा खोकला, आणि म्हणाला, "मुलांनो, शांतता."

तो मी होतो. हुबेहूब. बोलण्याआधी मी दोनदा खोकतो हे मला त्या दिवशी कळलं. मुलं लोळायची बाकी राहिली. मी मास्तरांकडे पाहिलं, ते या पोराला गप्प करतील म्हणून. ते चिंचेला हात टेकून हसत होते. डोळे पुसत होते, पुन्हा हसत होते.

मी पण हसलो. हसावं लागलं. त्या रात्री झोप लागली नाही हे सांगणं नको, पण त्या दिवसापासून मी बोलण्याआधी खोकायचा थांबलो, इतकं ते लागलं होतं.

साहेब चार दिवसांनी यायचे ते दुसऱ्याच दिवशी आले. ते धारवाडकडचे. मराठी सावकाश आणि जपून बोलत. शाळेत मी आणि चौदा मुलं. त्यांनी हजेरीपट मागितला.

"थोरल्या मास्तरांजवळ आहे, साहेब."

"ते कुठे आहेत?"

मी उत्तर जुळवत होतो तोवर पाठीमागून कुणीतरी आनंदाने सांगितलं, "शेतात गेल्यात जी. हजेरी लावाय."

साहेबांनी शिपायाला पाठवलं. थोड्या वेळाने अंगणात मिरवणूक आली. पुढे मास्तर, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. मागे अकरा मुलं, हात काळे, कुणाच्या मुठीत अजून तंबाखूचा शेंडा. ती ओळीने उभी राहिली. साहेबांनी पट पाहिला, मुलं पाहिली, पुन्हा पट पाहिला.

"ही मुलं हजर आहेत, असं इथे लिहिलं आहे."

"हायत की, साहेब."

"शाळेत नाहीत."

"म्या हितं न्हवतो साहेब, म्या तितं होतो. जितं मास्तर तितं शाळा."

साहेबांच्या ओठांवर काहीतरी हललं. त्यांनी ओळीतल्या एका मुलाला गुणाकार विचारला. त्याने विचारलं, "सऱ्या किती म्हनालासा?" आणि बरोबर उत्तर दिलं. दुसऱ्याला विचारला, त्यानेही दिलं. साहेब हसले. चांगला माणूस होता. मला आजही खात्री आहे की त्यांना ते प्रकरण मिटवायचं होतं. पण दोन उत्तरांवर अहवाल लिहिता येत नाही, त्यांना साक्ष हवी होती. त्यांनी लेखणी उघडली आणि माझ्याकडे वळले.

"हे रोज बांधावर खरोखर शिकवतात? तुम्ही पाहिलं आहे?"

मी हो म्हणालो असतो तर साहेब शेऱ्यात एक ताकीद लिहून निघून गेले असते. मास्तर त्या गावात राहिले असते, मुलं पटावर राहिली असती. हे मला त्या क्षणी माहीत होतं. नंतर सुचलेलं नाही. मास्तर माझ्याकडे बघत होते ते अगदी निश्चिंत. म्हादू ओळीत तिसरा होता. त्याने ऐटीत शर्टाचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं होतं. साहेबांसमोर नीट दिसावं म्हणून, दुसरं काही नाही.

"मी पाहिलेलं नाही, साहेब," मी म्हणालो.

एवढंच. तीन आठवड्यांनी हुकूम आला. खोट्या हजेरीबद्दल थोरल्या मास्तरांना खाली उतरवून खानापूर तालुक्यात जंगलातल्या एका शाळेवर दुय्यम म्हणून धाडलं. शाळेचा ताबा माझ्याकडे.

ते निघाले तेव्हा मी निपाणीपर्यंत त्यांची पेटी धरून गेलो. वाटेत ते भरभर चालत होते आणि मी मागे पडत होतो. मोटारस्टँडवर ते म्हणाले, "बरं केलंसा, धाकटे मास्तर. पाहिलंय म्हनाला असता तर ह्यात तुमचंबी नाव आलं असतं. नवी नोकरी तुमची. तुमच्या जागी म्या असतो तर म्याबी त्येच सांगितलं असतं."

मी मान हलवली. मोटार गेली.

परत येऊन मी नियमाप्रमाणे अकरा नावांवर तांबड्या शाईने रेघ मारली. सरासरी घसरली, दुसऱ्या मास्तरांची जागा गेली. दोन वर्षं मी एकट्याने ती शाळा चालवली. कार्तिकात खोली रिकामी होई आणि मी खुर्चीत बसून राही. मग बेळगावला बदली झाली. पुढे बढती मिळत गेली. मी वाईट शिक्षक नाही असं लोक म्हणतात.

वीस वर्षांनी, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, मी त्यांच्याकडे गेलो. नंदगडच्या अलीकडे एका खेड्यात ते पुतण्याजवळ राहतात. चौऱ्याहत्तर वर्षांचे. परसात फेऱ्या मारत होते. मला ओळखायला वेळ लागला नाही. "या, धाकटे मास्तर!" मी आल्या आल्या सांगून टाकलं. चहा येईपर्यंतही थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा सांगितलं नसतं.

"मी पाहिलं होतं, मास्तर. तीन वेळा. आणि नोकरीची भीती म्हणून खोटं बोललो नाही. तुम्ही हसलात म्हणून बोललो."

"कवा हसलो म्या?"

"म्हादू माझ्यासारखा चालून दाखवत होता तेव्हा."

ते आठवू लागले. मग एकदम चेहरा उजळला. "व्हय व्हय! खोकायचा कसा त्यो! दोनदा!" आणि ते पुन्हा हसले, तसेच, भिंतीला हात टेकून. त्यांना त्यात माझा अपमान आजही दिसला नाही. मी खाली बघत उभा. हसता हसता ते थांबले.

"मग पोरांचं काय केलंसा?"

"कुठल्या?"

"ओळीत हुबी होती ती. शेतातली. ती कोन बगत होतं, म्या गेल्यावर?"

"नावं काढली. नियमाप्रमाणे."

"किती?"

"अकरा."

मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. आवाज चढला नाही. ते माझ्या अगदी जवळ आले. "माझं सोडा. माझं काय, हितंबी पोरंच होती. त्या अकरांची नावं सांगा."

मी सुरुवात केली. म्हादू. तानी. कोंबडी तांबडी होती का असं विचारणारा गणपा. तानीच्या मागे पळताना सरीत तोंडावर पडलेली सखू. चार झाली. पाचवं येईना. ज्यांच्या गमती सांगता येतात, किंवा जी माझ्यावर हसली होती, तेवढीच राहिली होती. बाकीची गप्प बसणारी. मास्तर थांबले.

"तुम्हाला ठाऊक आहेत," मी म्हणालो. "तुम्ही सांगा."

"ठाऊक हायत. सांगनार न्हाई. रेघ तुमी मारली."

तेव्हापासून सुट्टी मिळाली की मी निपाणीची मोटार धरतो. शाळेतले जुने पट वाळवीने खाल्ले. म्हणून घरोघर विचारतो. म्हादू तंबाखूच्या वखारीत हमाली करतो. त्याने मला पाहून हात जोडले, मला ते नको होतं. त्याने दोन नावं सांगितली. सखू जवळच्याच वाडीवर दिली आहे, तिने तीन सांगितली. एक मीच शोधलं. सहा झाली. राहिलेलं एक कुणालाच आठवत नाही. ओळीत अगदी शेवटी उभं होतं ते. मुलगा होता की मुलगी, हेही मला सांगता येत नाही.

सहा नावं घेऊन मास्तरांकडे आत्ताच जावं, की सातव्यासाठी आणखी एक सुट्टी थांबावं, हे ठरत नाही. ते थकले आहेत असं पुतण्याचं पत्र आहे. जायला निघतो आणि मोटार निपाणीची धरतो.

परवा त्या गावच्या वरच्या आळीत एका म्हातारीच्या उंबऱ्यावर बसलो होतो. तिने पाणी दिलं, गूळ दिला. माझं सगळं विचारणं शांतपणे ऐकून घेतलं. कोणत्या साली, कुणाच्या शेतात, केवढं होतं ते मूल. मग म्हणाली, "एवढ्या लांबनं येताय, तर त्ये तुमचं कोन लागत हुतं म्हनं?"

"माझ्या शाळेतलं मूल होतं, आजी. रोजचं."

"व्हय?" ती म्हणाली. "मग मास्तर, नाव कसं ठावं न्हाई?"